सहावा अध्याय आणि रोजचा दिवस

नागपुरात योग शिकायला पैसे मोजावे लागतात, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळले. रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात पहाटे सतरंजी घेऊन जायचे, मागच्या रांगेत बसायचे, शिकवणारे दादा किंवा ताई सांगतील तसे करायचे आणि उन्हे वर येण्याआधी घरी परतायचे. नाव विचारले जायचे, जुने दुखणे विचारले जायचे. शुल्काचा विषय निघत नसे. मंडळ १९५१ साली सुरू झाले. आपापली नोकरी, दुकान, संसार सांभाळून शिकवणाऱ्यांच्या बळावर ते वाढले. कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे बागेतल्या ओट्यावर त्यांचे वर्ग भरत आले. पुढच्या पानांतले लेख याच हवेत वाढलेले आहेत, म्हणून त्यांची ओळख करून देताना सुरुवात इथून करते.

योगमूर्ती जनार्दनस्वामी मूळचे कोकणातले, वेदविद्येत मुरलेले संन्यासी. उतारवयात ते नागपुरात आले आणि १९७८ मध्ये त्यांनी देह ठेवला. संन्याशाने दूर कुठे आश्रम बांधावा आणि लोकांनी त्याच्याकडे जावे, ही आपल्याकडची रूढ रीत. स्वामी स्वतः लोकांकडे गेले. त्यांचा एक संस्कृत श्लोक मंडळाच्या प्रत्येक साधकाला पाठ असतो. मनाचे समाधान, सुख आणि निरोगीपण यांसाठी झेपेल तितका, पण खंड न पाडता अभ्यास करावा, असे त्यात सांगितले आहे. या क्रमाकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. समाधान आधी, सुख मग आणि आरोग्य तिसरे. आज जाहिरातींत हा क्रम उलटा असतो, आणि समाधानापर्यंत बहुधा त्या पोचतच नाहीत. ‘झेपेल तितका’ ही सवलतही केवढी मोठी! गुडघे धरलेली सत्तरीची बाई आणि दोरीसारखा वाकणारा शाळकरी मुलगा एकाच सतरंजीवर बसू शकतात ते तिच्यामुळे.

महाराष्ट्रात आधुनिक योगाचा पाया त्याआधीच घातला गेला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना पोटात काय घडते, हे क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या नळ्यांच्या साहाय्याने पाहणारे ते पहिले. आतड्यात तयार होणाऱ्या त्या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. प्रयोगशाळेतल्या शोधाला गुरूचे नाव देणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी याच काळात सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते. आमच्या वऱ्हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तरुणांची शरीरे घडवत होते, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे भारतीय व्यायामप्रकार दाखवले. नागपूरला योग आला तो असा, आखाड्याच्या मातीतून आणि प्रयोगशाळेच्या टेबलावरून, घरगुती होऊन.

आता चक्रांकडे येते, कारण वाचकांचे सर्वाधिक प्रश्न त्यांच्याविषयी असतात. मराठी माणसाला ही कल्पना परदेशी पुस्तकांतून मिळालेली नाही. १२९० साली नेवाशाला ज्ञानदेव गीतेच्या सहाव्या अध्यायावर बोलत होते. मूळ श्लोकांत सांगितले आहे ते एवढेच: स्वच्छ जागी आसन घालावे, पाठ, मान आणि मस्तक एका रेषेत ठेवावे, नजर नासिकाग्री लावावी. कुंडलिनीचा तिथे उल्लेखही नाही. ज्ञानदेवांनी मात्र तेवढ्या आधारावर नाथपंथाची गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तिथून आपल्याकडे आलेली सगळी विद्या मराठीत उघडी केली. मूलबंध, जालंधर, उड्डियान, जागी झालेली शक्ती, तिने शरीरात मांडलेली उलथापालथ आणि त्यानंतरची कोवळी, तेजस्वी काया. या वाटेला त्यांनी ‘पंथराज’ म्हटले. सात शतकांपूर्वी, संस्कृतातही आडपडद्याने बोलली जाणारी गोष्ट लोकांच्या भाषेत इतक्या मोकळेपणी सांगणारा ग्रंथ आपल्या घरात आहे, आणि तरी आपण चक्रे शिकायला रंगीत तक्ते विकत आणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या तक्त्यांविषयीही थोडे सांगायला हवे. सहा चक्रांची आज सर्वांना माहीत असलेली मांडणी पूर्णानंद या बंगाली तांत्रिकाच्या १५७७ मधल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथातून जगभर गेली. जॉन वुड्रॉफ या कलकत्त्याच्या इंग्रज न्यायाधीशाने १९१९ मध्ये तो इंग्रजीत आणला. त्यात मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपुराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा आणि आज्ञाचक्राला दोन. बेरीज पन्नास. प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतले एक अक्षर. म्हणजे सगळी भाषा साधक आपल्या कण्यावर मांडतो आणि मग एकेक अक्षर आत मिटवत वर जातो, अशी ती रचना आहे. त्या ग्रंथात मणिपुराच्या पाकळ्या पाणी भरलेल्या ढगाच्या रंगाच्या आहेत आणि अनाहताच्या बंधूकफुलासारख्या लाल. आजच्या तक्त्यांवर मणिपूर पिवळे आणि अनाहत हिरवे असते. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतची ही इंद्रधनुष्याची ओळ १९७० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. जुन्या ग्रंथांत चक्रांची संख्याही एक नाही. काही परंपरा पाच मानतात, काही नऊ.

हे सांगण्यामागे कोणाची श्रद्धा ढळवण्याचा हेतू नाही. उलट, हे कळल्यावर माझा अभ्यास हलका झाला. चक्रे हृदयासारखी किंवा यकृतासारखी शस्त्रक्रियेत दिसणारी इंद्रिये असती, तर त्यांची संख्या आणि रंग ग्रंथागणिक बदलले नसते. ते लक्ष ठेवण्याचे मुक्काम आहेत. डोळे मिटून नाभीपाशी लक्ष नेले की दहा मिनिटांत तिथली ओढ जाणवते. राग गिळून गप्प बसलेल्या दिवशी कंठापाशी काय होते, हे कुठल्याही सुनेला सांगावे लागत नाही. पूर्वजांनी भीती, भूक, माया, वाणी यांना देहात जागा नेमून दिल्या आणि त्या जागांवर थांबायला शिकवले. म्हणून कोणी नाडी न पाहता, डोळे मिटून ‘तुमचे हृदयचक्र बंद आहे, उघडायला इतके हजार लागतील’ असे सांगितले, तर तिथून उठून यावे. या बाबतीत माझे मत ठाम आहे.

चक्रांची गोष्ट जगभर नेणाऱ्यांत एक नाव आमच्याच परिसरातले आहे. निर्मलादेवींचा जन्म २१ मार्च १९२३ चा, छिंदवाड्याचा. मराठी ख्रिस्ती साळवे कुटुंबातल्या त्या लेक. त्यांचे बंधू एन. के. पी. साळवे नागपूरकरांना राजकारणासाठी आणि १९८७ च्या क्रिकेट विश्वचषकासाठी आठवतात. ५ मे १९७० रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर नारगोळला निर्मलादेवींनी सहजयोगाचा प्रारंभ केला. पती सी. पी. श्रीवास्तव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे प्रमुख होऊन लंडनला गेले आणि त्यांच्याबरोबर ही साधनाही युरोपात गेली. सहजयोगातले रोग बरे करण्याचे सगळे दावे मी स्वीकारू शकत नाही, आणि तसे या संग्रहातल्या लेखातही लिहिले आहे. पण आत्मसाक्षात्काराचे पैसे घेता येत नाहीत, ही त्यांची भूमिका मला मोलाची वाटते. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचे केंद्र आहे. गोएंका गुरुजींच्या परंपरेप्रमाणे तिथेही दहा दिवसांचे शिबिर, राहणे-जेवण धरून, शुल्काशिवाय चालते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला, तिथे मौन बसून स्वतःच्या श्वासाकडे पाहायला येणाऱ्यांत दीक्षाभूमीशी नाते सांगणारी माणसे पुष्कळ दिसतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. तीन वेगळ्या वाटा, त्यांचे एकमेकींशी पटतेच असे नाही, पण तिन्हींनी दारात गल्ला ठेवला नाही. मन बरे करण्याची विद्या विकत मिळू लागली की ती रोजच्या दिवसातून उठून सुट्टीच्या दिवसांत जाऊन बसते. विनामूल्य असली की सकाळच्या दुधासारखी रोज दारात येते.

बरे होण्याविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. माझी कंबर वर्षानुवर्षे टेबलाशी बसून बसून धरली होती. डॉक्टरांनी तपासले, शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले आणि हालचाल वाढवा म्हणाले. मार्जारासन, भुजंगासन, शलभासन आणि खूप सारे शवासन यांनी काही महिन्यांत मी पुन्हा पाटावर बसू लागले. जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत केला आहे. श्वासाचेही तसेच. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. लोकांना लॅटिनमध्ये मेरीची जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्ही वेळी श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय एकमेकांशी जुळू लागली. ते वाचून मला आजीचा हरिपाठ आठवला. संध्याकाळी दिवा लावून ती एका लयीत म्हणत बसायची आणि तिचा दिवसभराचा त्रागा उतरलेला असायचा.

पण मधुमेह, कर्करोग, खोल नैराश्य यांवर ‘चक्रे शुद्ध करा’ हा उपाय सांगणे म्हणजे माणसाला एकटे सोडणे आहे. औषध चालू ठेवावे, डॉक्टरांना सांगून अभ्यास करावा. आजारी माणसाला योग देतो तो दुसऱ्या प्रकारचा आधार. रात्रीची झोप, श्वासावरचा थोडासा ताबा, आपल्याच शरीराशी पुन्हा जुळलेली मैत्री.

आणि बरे होणे हे एकट्याचे कामही नसते. नागपूरला हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळते. काळी आणि पिवळी मारबत मिरवत निघतात, इतवारी-महालच्या गल्ल्या तुडुंब भरतात, आणि सगळे गाव आपली रोगराई, खोकला, पीडा त्या मातेच्या ओटीत घालून शिवेबाहेर पाठवते. १९ व्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली ही रीत अजून तितक्याच जोमाने चालते. बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या रूपात त्या वर्षीचे भ्रष्टाचार, महागाई, टंचाई यांनाही हाकलले जाते. शरीराचे दुखणे आणि समाजाचे दुखणे एकाच मिरवणुकीत नेणारे हे शहाणपण मला कुठल्याही उपचार-शिबिरात मिळालेले नाही.

प्रवासाचे लेख या पुस्तकात का, असे हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले. उत्तर रामटेकला आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले. त्या काव्यातला यक्ष शापाने अडकलेला, विरहाने इतका वाळलेला की हातातले सोन्याचे कडे गळून पडले आहे. तो टेकडी सोडून जाऊ शकत नाही. मग तो काय करतो? ढगाला वाट सांगत बसतो. आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी, प्रत्येक ठिकाणी थांब, पाणी पी, फुले वेचणाऱ्या बायकांवर सावली धर. निरोप शेवटी येतो आणि छोटा असतो. वाटच लांब आहे. दुःखात असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पायांनी केलेला हा प्रवास वाचताना मला नेहमी वाटते की कालिदासाला मनाच्या औषधाची पक्की जाण होती. ज्या दिवशी घराबाहेर पडवत नाही, त्या दिवशी वाट मनातल्या मनात चालता येते, हे मी त्याच्याकडून शिकले.

याच रामटेकच्या ओढीने श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले होते. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि पुढचे आयुष्यच बदलले. अनुयायांना त्यांनी अटन सांगितले, सतत फिरते राहणे सांगितले. एका गावाला, एका माणसाला, एका सोयीला चिकटू नये म्हणून. महानुभाव पंथाचा हा विचार योगाच्या पुस्तकांत सहसा येत नाही, पण माझ्या लेखी तो आसनाइतकाच महत्त्वाचा आहे. नागपूर तर देशाच्या मधोमध. चारी दिशांच्या गाड्या इथून जातात. त्यामुळे या पुस्तकात ऋषिकेश आहे, लोणावळा आहे. पण धापेवाड्याची छोटी चंद्रभागा, अदासाचा गणपती, सेवाग्रामची बापू कुटी आणि अंबाळा तलावाकाठची दुपार यांना मी जास्त पाने दिली आहेत. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते असा प्रवास बहुतेकांच्या वाट्याला येतो, आणि लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे फार दुर्लक्ष केले आहे.

राहता राहिले रोजचे आनंद. त्यांच्यासाठी पुन्हा सहाव्या अध्यायाकडे जावे लागते. जिथे ज्ञानदेव कुंडलिनी उभी करतात, तिथून थोडेच श्लोक पुढे गीता म्हणते की योग दुःख घालवतो तो ज्याचे खाणे-पिणे, फिरणे-रमणे, काम, झोप आणि जागणे मापात आहे त्याचे. अति खाणाऱ्याला तो नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. कण्यातून वर चढणारी शक्ती आणि संध्याकाळचा फेरफटका एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत, आणि या संग्रहाचा सगळा आराखडा मी तिथून घेतला. हठयोगाचा ग्रंथही रुक्ष जेवायला सांगत नाही. स्निग्ध, गोड, मनापासून खाल्लेले आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून, असा त्याचा मिताहार आहे. त्या ग्रंथाला सावजी रस्सा चालणार नाही, हे मला माहीत आहे. तिखट, आंबट, खारट तो वर्ज्य सांगतो. मी वैदर्भीय आहे. पावसाळ्यातला गोळाभात, त्यावर फोडणीचे तेल आणि चिंचेचे सार, हिवाळ्यात सांबारवडी, रविवारी कोपऱ्यावरचे तर्री-पोहे हे मी सोडलेले नाही. चौथा भाग रिकामा ठेवायला मात्र शिकले, आणि त्यानंतर या पदार्थांची चव वाढली.

संत्र्यावरही एक लेख आहे. आंबिया बहाराचे संत्रे दिवाळीच्या सुमारास येते आणि मृगाचे होळीकडे. पहिले आंबटगोड, दुसरे अधिक गोड. सोलताना सालीचा जो बारीक फवारा उडतो, त्याच्यावर लक्ष ठेवून एक फोड खाऊन पाहा. ध्यानाच्या पहिल्या धड्यासाठी मी नव्या साधकांना हेच देते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा शीतली प्राणायाम, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि पहाटे फुटाळ्यावर किंवा अंबाझरीच्या बांधावर मिळणारी तासभर बरी हवा यांवर शहर तगून राहते. कुठल्या महिन्यात काय करावे, केव्हा काय सोडावे, हे शिकवण्याचे काम आमच्याकडे उन्हाळाच करतो, म्हणून लेखांचा क्रम मी ऋतूंप्रमाणे लावला आहे. सुरुवात चैत्रातल्या गरम झळांनी होते.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. या पुस्तकात आसनांची चित्रे नाहीत. आसन समोर बसलेल्या माणसाकडून शिकावे, त्याने आपली पाठ पाहावी, खांदा हाताने सरळ करावा. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरू नये आणि भस्त्रिका, कपालभाती विचारल्याशिवाय करू नये. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको. गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतर तर आधी डॉक्टर, मग वर्ग.

मागच्या रांगेतून मला पुढे बोलावणाऱ्या ताईंची आणि पहाटे पाचला मंडळाचे दार उघडणाऱ्या काकांची नावे त्यांनीच छापू नका म्हणून सांगितले आहे. त्यांच्या वर्गाला वाचकांनी सतरंजी घेऊन यावे. वहीत नाव लिहावे लागेल आणि जुने दुखणे सांगावे लागेल.

नागपूर, रथसप्तमी